घायपातीचा मुलगा

मराठीत आपण 'ती टकीला' म्हणतो. टकीला घेतली, टकीला चढली, टकीला बाधली. तिच्या गावी मात्र ती 'तो' आहे. स्पॅनिशमध्ये हा शब्द पुल्लिंगी. ज्याचं चित्र काढायचं त्याला त्याच्या गावची माणसं मारतात तीच हाक आपण मारावी, म्हणून या लेखापुरता तो टकीला.

आमची पहिली भेट वाईट झाली. मला सव्विसावं चालू होतं (महाराष्ट्रात कडक दारूसाठी पंचवीस पूर्ण लागतात, तेवढी एक बाजू कायदेशीर होती), मित्राला नोकरी लागलेली, आणि पुण्यातल्या एका बारमध्ये कुणीतरी ओरडलं, "टकीला शॉट्स!" जाड बुडाच्या इवल्याशा ग्लासांतून तो आला. रंग सोनेरी. सोबत मिठाची बशी आणि लिंबाच्या फोडी. म्हणजे पाहुण्याची ओळख करून देतानाच नाकाला रुमाल लावायला सांगावं, तसं. मनगटावरचं मीठ चाटा, एका दमात गिळा, लिंबू चोखा. तीन वेळा ही कसरत झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी अंथरुणातूनच मी जाहीर केलं की या माणसाशी आपला संबंध संपला. पुढे पंधरा वर्षं मी ते पाळलंही.

संबंध पुन्हा जुळला तो भाच्यामुळे. मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरात भारतीय सॉफ्टवेअर कंपन्यांची कार्यालयं आहेत; त्यातल्या एकात तो दोन वर्षं होता. मी त्याच्याकडे गेलो तेव्हा एका शनिवारी सकाळी म्हणाला, "मामा, चल, टकीला बघून येऊ."

"मी नाही पीत ती."

"प्यायची नाहीये. गाव आहे ते."

हे मला माहीत नव्हतं. पैठणच्या साडीला पैठणी म्हणतात आणि कोल्हापूरच्या चपलेला कोल्हापुरी. या गड्याने प्रत्ययसुद्धा न लावता गावाचं नाव जसंच्या तसं उचललं आहे. हालिस्को राज्यात, ग्वादालाहाराच्या वायव्येला साधारण साठ किलोमीटरवर, विझलेल्या ज्वालामुखीच्या पायथ्याशी टकीला नावाचं गाव आहे. पूर्वी तिथल्या दारूला 'टकीलाची मेस्काल दारू' असं लांबलचक नाव होतं. पुढची-मागची विशेषणं झिजत गेली आणि गाव तेवढं उरलं.

शहर मागे पडलं तशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना निळसर करड्या रंगाची शेतं लागली. भालेच भाले, रांगेत रोवलेले. गाडी थांबवून खाली उतरलो आणि मला हसूच आलं. ही तर आमची घायपात. मराठवाड्यात तिला केकताड म्हणतात. बांधावर, रेल्वेच्या कडेला, जिथे दुसरं काही जगत नाही तिथे उभी असते. तिच्या पात्यांचा वाख काढून त्याचे दोर, दावी, कासरे वळायचे; गावोगावचे मातंग कारागीर त्यात वाकबगार. आम्हा पोरांना तिचा उपयोग एकच. तिच्याच काट्याने तिच्याच पात्यावर नावं कोरायची. पातं वाढायचं तसं नावही मोठं व्हायचं.

घायपात मूळची मेक्सिकोची. मिरची, मका, झेंडू, चिकू आले त्याच मुलखातली. आपण मिरचीला ताटात घेतलं, झेंडूला दसऱ्याला दारावर बसवलं आणि घायपातीला राखणीला बांधावर उभं केलं. तिथल्या लोकांनी तिला पोटाशी धरलं. त्यांच्या पुराणात तिची देवीही आहे, मायावेल. आणि नशेचे देव म्हणजे चारशे ससे. दारू पिऊन माणूस नेमका कसा वागेल याचा भरवसा नसतो, तेव्हा एका देवाने भागणार नाही हे त्यांनी आधीच ओळखलं होतं.

टकीलाची आई मात्र आपल्या बांधावरची नव्हे, तिची चुलत बहीण. निळी आगावे. मेक्सिकोत आगावेच्या पुष्कळ जाती आहेत आणि त्यांतल्या कितीतरींची दारू होते. पण टकीला या निळीचाच. बाकीच्यांची ती मेस्काल. बाटलीतला तो प्रसिद्ध किडाही काही मेस्कालांमध्ये असतो. टकीलाचा आणि त्याचा संबंध नाही, तरी लोक त्याच्या बाटलीत वाकून बघतात.

या आईचं आयुष्य मोठं विलक्षण आहे. सहा-सात वर्षं, कधी त्याहून जास्त, ती नुसती साठवत राहते. मग एकदाच तिला तुरा येतो, तारेच्या खांबासारखा उंच. साठवलेली सगळी साखर त्या फुलोऱ्यात जाते आणि झाड मरतं. गावाकडे हे मी पाहिलेलं होतं. टकीलाच्या शेतात तसं होऊ देत नाहीत. तुरा डोकावू लागला की छाटतात. मग ती साखर वर न जाता बुंध्यातच राहते. टकीलामध्ये जी गोडी असते ती त्या न उमललेल्या फुलांची.

याची किंमत झाड मोजतं आणि वटवाघळंही. आगावेची फुलं रात्री उमलतात आणि लांब नाकाची वटवाघळं त्यांवर जगतात. फुलंच नाहीत तर बी नाही. शेतकरी बुंध्याशी फुटलेली पिल्लं उपटून लावतो. म्हणजे मैलोन्‌मैल एकाच झाडाच्या नकला. नव्वदच्या दशकाच्या शेवटी रोग आला तेव्हा तो सुसाट वेगाने पसरला. आता काही शेतकरी पाच टक्के झाडं वटवाघळांसाठी फुलू देतात आणि त्या टकीलाच्या बाटलीवर तसा शिक्का मिळतो. मला तो शिक्का आवडतो.

शेतात एक माणूस कापणी करत होता. या कामगाराला हिमादोर म्हणतात आणि त्याच्या हत्याराला कोआ. लांब दांड्याच्या टोकाला बशीएवढं गोल पातं, धार अशी की बघूनच अंग चोरावं. झाड मुळापासून सुटलं की त्याने त्यावर पाय ठेवला आणि उभ्या-उभ्या पाती सोलायला सुरुवात केली. एक घाव, एक पातं. कोआ बुटाच्या अगदी जवळून जात होता. काही मिनिटांत भाल्यांच्या जुडग्यातून एक पांढरट गड्डा निघाला, अननसासारखा खवल्या-खवल्यांचा; म्हणून त्याला पिन्या म्हणजे अननसच म्हणतात. चाळीस-पन्नास किलो सहज भरावा. मी हात लावायला वाकलो तर भाच्याने मागे ओढलं. "मामा, खाजतं." अळू आणि सुरण ज्याने खाजतात तेच बारीक सुईसारखे स्फटिक यातही आहेत.

कारखान्यात हेच गड्डे फोडून विटांच्या भट्टीत वाफेवर दीड-दोन दिवस शिजवतात. दारातच गुऱ्हाळाचा वास आला. डोळे मिटले असते तर मी कराडच्या आसपास कुठेतरी आहे असं म्हणालो असतो. तिथल्या बाईंनी एक तपकिरी तुकडा हातावर ठेवला. चावला: आधी भाजलेलं रताळं, मग काकवी, मागे थोडा धूर, आणि शेवटी उसासारखा चोथा. टकीला पारखायचा तर ही चव लक्षात ठेवावी. पुढे ग्लासात आपल्याला जे शोधायचं असतं ते हेच.

कोपऱ्यात गोल चर आणि त्यात उभं दगडी चाक होतं. मी भाच्याला म्हटलं, "ही तर चुन्याची घाणी." आपल्या कित्येक गडांवर अशी चाकं पडलेली आहेत, बैल फिरायचा, चाक चुना दळायचं. इथे त्याला ताओना म्हणतात आणि त्याच्याखाली शिजलेली आगावे चेचतात. बहुतेक ठिकाणी आता लाटांच्या गिरण्या आल्या, आणि विटांच्या भट्टीऐवजी ऑटोक्लेव्ह, म्हणजे खोलीएवढा प्रेशर कुकर. त्यात दोन दिवसांचं काम काही तासांत होतं. कुकरमधल्या डाळीला कुणी नावं ठेवत नाही, मीही ठेवणार नाही. त्याच्याही पुढची यंत्रं मात्र कच्च्या आगावेतून पाण्याच्या फवाऱ्यांनी साखर धुऊन काढतात आणि मग ती शिजवतात. अशा टकीलामध्ये चूक काही नसते. रताळंही नसतं.

रस आंबवायचा आणि निदान दोनदा गाळायचा, हा नियम. पहिल्या धारेला ओर्दिनारिओ म्हणतात. गोव्यात काजूच्या पहिल्या धारेचा हुर्राक होतो आणि पुढच्या धारेची फेणी, तसंच. फरक इतकाच की हुर्राकाला स्वतःचे चाहते आणि स्वतःचा मोसम आहे. ओर्दिनारिओला कुणी ग्लासात ओतत नाही. काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन २००९ मध्ये मिळालं. टकीलाने आपल्या नावाची वेस १९७४ मध्येच आखून घेतली: पूर्ण हालिस्को आणि इतर चार राज्यांतले काही तालुके. त्याबाहेर निळ्या आगावेची कितीही सुरेख दारू काढा, ती टकीला नव्हे. आपल्या दख्खनच्या पठारावरच्या घायपातीपासूनही २०११ पासून दारू बाजारात आहे. ती 'आगावे स्पिरिट' म्हणून विकावी लागते आणि ते बरोबरच आहे.

आता पुण्यातला तो सोनेरी इसम. तो कोण होता हे मला इथे कळलं.

कायद्याने टकीला दोन घरचा असतो. एकात सगळी साखर आगावेची. दुसऱ्यात आगावेची साखर निदान ५१ टक्के असली की पुरे. उरलेली उसाची वगैरे चालते. या दुसऱ्याला बोलीत मिक्स्तो म्हणतात, पण बाटलीवर हा शब्द सापडणार नाही. तिथे नुसतं 'टकीला' असतं. पहिल्यावर मात्र '१०० टक्के आगावे' असं ठसठशीत लिहिलेलं असतं, कारण ज्याचं घर चांगलं तो ते सांगितल्याशिवाय राहत नाही. शंभर टक्केवाला त्याच मुलखात बाटलीबंद व्हावा लागतो. मिक्स्तो टाक्यांतून परदेशी जाऊन तिथे बाटलीत भरला तरी चालतं. माझा सोनेरी मित्र दुसऱ्या घरचा. सोनंही पिंपातलं नव्हतं, जळक्या साखरेचं होतं. म्हणजे दाढी चिकटवून आलेला पोरगा. त्याने मला मामा बनवलं होतं.

खरं वय कसं ओळखायचं? ब्लांको म्हणजे धारेवरून थेट आलेला, फार तर दोन महिन्यांचा, पाण्यासारखा स्वच्छ. रेपोसादो दोन महिने ते वर्षभर लाकडात विसावलेला. आन्येहो एक ते तीन वर्षं, आणि तोही सहाशे लिटरच्या आतल्या पिंपात. तीनपुढचा एक्स्ट्रा आन्येहो. ही पायरी २००६ मध्ये आली. शिवाय हल्ली एक क्रिस्तालिनो निघाला आहे. पिंपात मुरलेल्या टकीलाला कोळशातून गाळून पुन्हा पांढरा करतात. एक पोरगा दाढी चिकटवतो आणि हा म्हातारा कलप लावतो.

इथे आपल्याकडच्या व्हिस्कीवाल्यांचा घोळ होतो. त्यांना वाटतं, वर्षं जास्त तितका माणूस मोठा. व्हिस्कीचं धान्य एका हंगामात तयार होतं, त्याला पिंपात शिकावं लागतं. टकीला शेतातच सात वर्षं शिकून आलेला असतो. त्याला आणखी तीन वर्षं लाकडात कोंडलं की तो व्हॅनिलाविषयी फार छान बोलतो, आईविषयी कमी. मला विचाराल तर घोट-घोट प्यायला पहिली बाटली चांगल्या ब्लांकोची घ्यावी. त्यात लपायला जागा नसते. दुसरी रेपोसादोची. आन्येहो तिसरा, जेवणानंतर, आणि तोही ब्लांको ओळखीचा झाल्यावर.

शिवाय मुरवलेल्या टकीलाला वजनाच्या एक टक्क्यापर्यंत मेकअप माफ आहे: जळकी साखर, ओकचा अर्क, ग्लिसरीन, पाक. लेबलवर सांगण्याची सक्ती नाही. एक टक्का म्हणजे थोडा वाटतो, पण खिरीत वेलची तरी किती असते? भाच्याच्या ओळखीच्या एका जाणत्याने सांगितलेली युक्ती मी अजून करतो. चार थेंब तळहातावर घ्यायचे, चोळायचे, वास घ्यायचा. केकच्या दुकानाचा वास आला आणि हात चिकट झाले तर नमस्कार करावा. रताळं, ओली माती, मिरी, लिंबाची साल असं काही आलं तर बसायला सांगावं.

जाणते आणखीही एक भेद सांगतात. टकीला गावाच्या खोऱ्यातला तिखट, मातकट; पूर्वेकडच्या लाल मातीच्या पठारावरचा, आरांदास वगैरे भागातला, गोड आणि फुलांच्या वासाचा. कोकणातला आणि घाटावरचा, असं म्हणा. पण गड्ड्यांनी भरलेले ट्रक इकडून तिकडे जात असतात, तेव्हा या भेदावर फार पैज लावू नये. त्यापेक्षा लेबलवरचा 'नोम' हा शब्द आणि त्यापुढचा चार आकडी क्रमांक बघावा. तो कारखान्याचा क्रमांक. बाटल्या वेगवेगळ्या, नावं वेगवेगळी, एकीवर कवटी, दुसरीवर घोडा, आणि क्रमांक एकच, असं पुष्कळदा दिसतं. एकाच भटारखान्यातून पाच हॉटेलांची जेवणं निघावीत तसं. नटनट्यांचे टकीलाही बहुधा असेच कुणाच्या तरी कारखान्यात होतात. जॉर्ज क्लूनी आणि त्याच्या भागीदारांचा ब्रँड २०१७ मध्ये विकला गेला तो एक अब्ज डॉलरपर्यंतच्या सौद्यात. यात बाटली चांगली की वाईट हे कळत नाही; ती महाग का, हे कळतं.

या अब्जांतलं शेतकऱ्याच्या हाती काय येतं, हे आपल्याकडच्या कांदेवाल्याला समजावून सांगावं लागणार नाही. २०२२ च्या सुमारास आगावेला किलोला तीस पेसोंच्या घरात भाव होता. सगळ्यांनी लागवड केली. २०२४ मध्ये तो दहाच्याही खाली आला. कांदा चार महिन्यांत कळवतो. आगावे सात वर्षांनी.

संध्याकाळी भाच्याने मला गावातल्या ला कापिया या जुन्या बारमध्ये नेलं. तिथले मालक दोन हाविएर देल्गादो कोरोना (दोन म्हणजे आपलं 'राव') २०२० मध्ये वारले, पण त्यांचं बातांगा हे पेय जगभर पोचलं आहे. ग्लासाच्या कडेला मीठ, बर्फ, लिंबू, ब्लांको, वर कोला. ढवळायला चमचा नाही. ज्या लांब सुरीने लिंबू कापलं तीच ग्लासात घालून चार वेढे द्यायचे. ती सुरी दिवसभर मिरच्या आणि अ‍ॅव्होकाडोही कापत असते. मी घोट घेतला. कोलाच्या सगळ्या गोडीमागे सकाळचं रताळं शाबूत होतं. चांगला टकीला गर्दीतही ओळखू येतो, आणि मिसळण्यासाठी 'काय, कुठलाही चालेल' म्हणणाऱ्यांचं म्हणणं तिथे संपतं. मिसळायलाही शंभर टक्केवालाच घ्यावा, फक्त महागाचा नको. आन्येहोत कोला घालणं म्हणजे पैठणी नेसून भांडी घासणं.

मार्गारीटामध्ये लोक संत्र्याची लिकर घालतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या हुलिओ बेर्मेहोने ती काढून आगावेचाच पाक घातला, आणि मला तीच पद्धत पटते: साठ मिली ब्लांको, तीस मिली लिंबाचा ताजा रस, पंधरा मिली पाक, भरपूर बर्फ, जोरात हलवायचं. मेक्सिकोत घरोघरी चालते ती पालोमा त्याहून सोपी: टकीला, लिंबू, चिमूटभर मीठ आणि ग्रेपफ्रूटचा सोडा. तो सोडा इथे सहज मिळत नाही. पण ग्रेपफ्रूट हे पपनसाचंच लेकरू आहे. गणपतीच्या दिवसांत कोकणातून पपनसं आली की मी एक मागे ठेवतो. विसर्जनानंतर त्याचा रस, साधा सोडा आणि ब्लांको. नुसता प्यायचा असेल तर यांतलं काहीच नको: फ्रीजर नको, कारण गारठलेला माणूस बोलत नाही, निमुळत्या तोंडाचा छोटा ग्लास, खोलीचंच तापमान, आणि एक पेग तासभर.

त्या बारमध्येच पुढच्या टेबलावर परदेशी पोरांनी शॉट्स मागवले. मीठ आलं, लिंबू आलं. शेजारचा म्हातारा गावकरी आपला ग्लास हातात धरून त्यांच्याकडे बघत होता. चेहऱ्यावर राग नव्हता. वरातीत दुसऱ्याचा मुलगा नाचताना आपण बघतो तसं बघत होता.

तर कुणी तुमच्यापुढे मिठाची बशी सरकवली, तर ती परत सरकवा आणि बाटली बघायला मागा. '१०० टक्के आगावे' लिहिलेलं दिसलं तर मीठ-लिंबाशिवाय घ्या. दिसलं नाही तर त्या दिवशी बिअरच बरी.